हात राखून

पानामागे दीडशे रुपये.
या पानावर मात्र दुपारपासून
एकच शब्द घेऊन बसले आहे:
ॲग्रेसिव्हली.

तशी आमची जुनी ओळख.
बाणेरच्या बिल्डरच्या जाहिरातीत भेटला होता,
फ्लॅटच्या किमतीला चिकटून.
मी लिहिलं, ‘आक्रमक किमतीत’.
फोन आला, अहो उपाध्येबाई,
किंमत काय गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जाते?
(जात होतीच. मी ‘वाजवी’ लिहिलं आणि पैसे घेतले.)
मग सोसायटीच्या नोटिशीत, बोकिलांच्या कुत्र्यासाठी.
तिथे सोपा गेला.
भाच्याच्या प्रगतिपुस्तकात, खेळाच्या रकान्यात,
ते कौतुक होतं.
भाचीच्या पुस्तकात, त्याच शाळेत,
त्याच बाईंच्या अक्षरात, तक्रार.

आता हे हॉस्पिटलचं संमतिपत्र.
कलम सात: गाठ ॲग्रेसिव्हली वाढू शकते.
कलम नऊ: उपचार ॲग्रेसिव्हली केले जातील.
चोर आणि शिपाई,
दोघांच्या अंगात एकाच मापाचा शर्ट.
इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही.

कोश उघडला.
त्वेषाने: हे तलवारीला लागतं.
हिरिरीने: भांडारकर रोडवर लोक सकाळी सातला
दुसऱ्याच्या मुलांच्या करिअरवर बोलतात, ते.
तडफेने: नवा अधिकारी, पहिले तीन महिने.
जोरकसपणे म्हणताना तर
माझाच जोर निम्म्यात संपतो.

एरंडवण्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये
मी नुसती कागद न्यायला गेले होते.
डॉक्टर म्हणाले, वुई विल ट्रीट इट ॲग्रेसिव्हली,
आणि पुढच्या खोलीत गेले.
बाकावरची बाई माझ्याकडे वळली.
सगुणा मारणे, मुळशीकडच्या.
नवरा स्ट्रेचरवर, भिंतीकडे तोंड करून.
काय म्हणले ओ?
मी म्हटलं, आक्रमकपणे उपचार करतील.
त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.
म्हटलं, जोरात.
जोरात? त्यांनी नवऱ्याच्या दंडाकडे पाहिलं,
माझ्या छत्रीच्या दांड्याएवढा तो दंड.
मग स्वतःच म्हणाल्या,
म्हंजी हात राखून न्हाई करायचे. आसंच ना?

असंच.

आन् गाठीचं काय म्हणले?
मी तोंड उघडायच्या आत
त्यांनीच मान हलवली: माजलीय.
हरळी माजती तशी. वरनं खुडून भागत न्हाई,
मुळापत्तूर जावं लागतं.
पण भाताच्या खाचरात हात घालताना
रोपाचं भान ठिवावं लागतं, बाई.
ते लिवलंय का त्यात?

कलम एक ते चौदा, मी पुन्हा वाचली.
नव्हतं.

तेव्हा मला दिसलं,
वीस वर्षं मी शेपटीला धरून ओढत होते.
आमच्याकडे जोर क्रियापदाच्या पोटात असतो.
रेटणं, दामटणं, ठासणं, हिसकणं.
माजणं.
वर आणखी ‘-पणे’ कशाला?

सही इंग्रजी फॉर्मवरच झाली; मराठी तयार कुठे होतं?
माझं कोरं पॅड खाली घेतलं होतं टेकायला.
बॉलपेन मुठीत धरून, एकेक अक्षर.
स. गु. णा.
शिपायानं दोनदा घाई केली,
त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी कलम सात लिहिलं: गाठ माजू शकते.
कलम नऊ: उपचार हात न राखता केले जातील.
पाठवलं.
दहा मिनिटांत मेल: भाषा घरगुती वाटते.
दोन्हीकडे ‘आक्रमकपणे’ करावे, एकसारखेपणासाठी.

उत्तर दिलेलं नाही अजून.
दिवा तिरका केला की पॅडच्या वरच्या पानावर
शाई नसलेलं एक नाव दिसतं.
बोट फिरवलं तर लागतं.
पान उलटलं,
दुसऱ्यावरही आहे.
तिसऱ्यावर ‘णा’चा काना तेवढा.